आईची काच

प्रयोगशाळेत ताईची खुर्ची खिडकीपाशी होती. आल्या आल्या ती सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसायची, मग चहा. त्या दिवशी चहा निवून गेला, कारण समोरचं रक्त धाकट्या भावाचं होतं.

त्याच्या रक्तात जन्मापासून एक विकर, म्हणजे एन्झाइम, नव्हतं. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळायच्या, पण मारता काही यायचं नाही. पोटात घेऊन नुसत्या बसायच्या. तपासणीचा रंग घातला की लढणाऱ्या पेशी निळ्या होतात. त्याच्या कायम कोऱ्या. दोष आईकडून आलेला. तिच्या निम्म्या निळ्या, निम्म्या कोऱ्या. "अर्ध्या कामसू, अर्ध्या माझ्या भावासारख्या ऐतखाऊ," आई म्हणायची. शेवटच्या दुखण्यातही डॉक्टरांच्या मागे लागली होती, की माझ्या निळ्या पेशी लेकाला देऊन टाका, मला आता काय करायच्यात? डॉक्टर हसले होते. ती गेली, तुलनेसाठी ठेवलेली तिच्या रक्ताची काच ताईच्या खणात राहिली.

आता धाकट्याच्या फुप्फुसात जंतूंनी बिऱ्हाड केलं होतं. औषधांनी हात टेकले होते.

ताईने भिंगाला डोळा लावला. निम्म्या पेशी निळ्या होत्या.

नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. ती वॉर्डात गेली आणि स्वतः सुई घेतली.

"पुन्हा? तुझ्यापेक्षा डास बरा, ताई," तो म्हणाला. आवाजात धुगधुगी आली होती. मग म्हणाला, "नवी नर्स चांगली आहे गं. पाठ चोळत बसते. तिचाही भाऊ ऐतखाऊ आहे म्हणे."

ताईने नर्सचं नाव विचारलं नाही.

दुसऱ्या काचेवरही निम्म्या निळ्याच.

ताप उतरला. फुप्फुस निवळलं. डॉक्टरांनी श्रेय औषधाला दिलं, तिनेही मान डोलावली. घरी सोडताना शेवटची तपासणी झाली. सगळ्या पेशी पुन्हा कोऱ्या.

तेव्हा तिने खण उघडला.

आईच्या काचेवर पेशी होत्या तितक्याच होत्या. निळी एकही उरली नव्हती.

ताईला भीती वाटली नाही. डोळे तेवढे भरून आले. "पोचलं गं," ती हळूच म्हणाली.

मग तिने स्वतःच्या बोटाला सुई टोचली. तिच्याही निम्म्या निळ्याच होत्या, आईच्या वळणावर गेलेल्या. ती काच तिने आईच्या काचेशेजारी ठेवली. असू दे हाताशी.

खण गार होता. आईची काच कोमट होती.