पेंढ्याचं रेडकू

धैर्यशील बायकोला घेऊन कोल्हापुरात शाहूपुरीला सिनेमा बघायला निघाला, तेव्हा हातकणंगल्यातल्या शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. उन्हाळ्यात तान्हा मुलगा गेला आणि यांना सिनेमे सुचतात! पण त्याचं दुखणं निराळंच होतं हो. बाळ गेल्यापासून राजनंदिनी एकदाही रडली नव्हती. छातीतलं दूध आटलं, पाठोपाठ बोलणंही आटलं. रडली नाही तर डोक्यावर परिणाम होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. बिचारा पार धास्तावला होता.

सिनेमा सुचवला त्याच्या मित्रानं, अमरसिंहानं. रविवारी दुपारी एका हॉलमध्ये तो असले आडवळणाचे सिनेमे दाखवायचा. या सिनेमातही मूल गेलेली, न रडणारी बाई होती. तिच्या गोठ्यात पेंढा भरलेलं रेडकू. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करतात. त्याला चाटता चाटता ती पान्हा सोडते. धैर्यशीलच्या गोठ्यातही तसलं एक होतंच. सिनेमाच्या शेवटी ती बाई गोठ्यात शिरते, दार लावून घेते, हुंदके ऐकू येतात. मग हसत बाहेर येते, पदराला पेंढ्याच्या काड्या. संपला की सिनेमा!

आता या शेवटाचा अर्थ काय, यावर वाद रंगला. बाई रेडकाच्या गळ्यात पडून पोटभर रडली आणि मोकळी झाली, असं अमरसिंहानं समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात राजनंदिनी बोलली. कितीतरी दिवसांनी.

"गळ्यात न्हाय पडली... तिनं पाजलं त्याला."

परतताना मोटारसायकलवर तिचा हात त्याच्या खांद्यावर होता, गार पडलेला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ती तडक गोठ्यात गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं हुंदका ऐकू आला. मग दुसरा. धैर्यशील कट्ट्यावर बसला, त्याचेही डोळे भरून आले. रडू दे, पोटभर रडू दे, म्हणून तो आत गेला नाही. हुंदके थांबले. मग आतून चुटूक चुटूक असा बारीक आवाज यायला लागला. म्हैस पाणी पीत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

ती बाहेर आली ती हसत. त्यानं तिच्या पदरावरची काडी काढली. काडी ओली होती, दुधाचा वास येत होता.

धार काढायला तो बादली घेऊन आत गेला. म्हैस दावं ताणून भिंतीला चिकटली होती, डोळे फाडून बघत होती. कास तट्ट भरलेली. समोर रेडकू उभं होतं. त्याच्या उसवलेल्या तोंडाला पांढरा फेस होता.

मागून अंगणातून राजनंदिनीचा आवाज आला, अगदी मायेचा.

"आवं... दाराला कडी लावू नगासा. रातच्याला भूक लागली, तर येईल त्यो घरात."