नकटी शेळीची साक्ष

“मावशी, आपल्या शेळ्या तिकडे गेल्याच नव्हत्या!” ढोल्या तावातावानं म्हणाला.

“मला माहीत आहे रे. पण गुराख्यांच्या बैठकीला पटायला हवं ना!” मावशीचे डोळे भरून आले.

सुट्टीत आलेली तिन्ही भाचरं, ढोल्या, चष्मिस आणि त्यांची ताई, तिला बिलगली. कुरण साऱ्या गुराख्यांचं मिळून होतं. त्याचा एक भाग ते दरवर्षी बंद ठेवत, म्हणजे गवत बी धरी आणि पुढे सगळ्यांना पुरे. कुंपण कसलं, नुसती दगडांची ओळ! तरी ती कोणी ओलांडत नसे. आता मात्र आतलं गवत गायब झालं होतं, लेंड्याही सापडल्या होत्या, आणि शेळ्या होत्या फक्त मावशीकडे. आळ खरा ठरला, तर तिच्या शेळ्यांना हंगामभर कुरण बंद!

तिघं ओळीशी जाऊन निरखू लागली.

“खुरांचे ठसे कुठायत?” ताई पुटपुटली.

“आणि ते झुडूप बघ! एक पान तुटलेलं नाही,” चष्मिस ओरडला. “आपली नकटी तर आधी झुडपावरच तुटून पडते!”

बैठक तिथंच भरली. कुरणाचे राखणदारमामा सांगत होते, “शेळ्यांचंच काम! मी डोळ्यांनी पाहिलं!” तेवढ्यात ढोल्या नकटीला घेऊन ओळीच्या आत शिरला. खरं तर नकटीच ढोल्याला घेऊन शिरली!

“अरे, बाहेर हो!” सगळे ओरडले.

नकटीनं गवताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या पायांवर उभी राहून तिनं झुडपाचा फडशा पाडायला सुरुवात केली.

“मामा, शेळ्यांनी झुडूप सोडून गवत खाल्लं?” ताईनं विचारलं. “तेही असं एकसारखं कापून? विळा होता वाटतं त्यांच्याकडे!”

हशा पिकला. मामांचा चेहरा मात्र पडला.

“चाऱ्यावाचून म्हशीचं दूध आटत चाललं होतं, म्हणून कापलं,” ते कसेबसे म्हणाले. “लेंड्याही मीच टाकल्या.”

सर्वांत वयस्कर गुराखी, थोरले आजोबा, आधी मावशीपुढे आले. “चुकलो आम्ही, पोरी.” मग ते मामांकडे वळले. “बैठकीत सांगितलं असतंस, तर सगळ्यांनी चारा दिला असता. तो आताही देऊ, म्हशीचा काय दोष? पण राखण तुझ्याकडे नाही.”

किती मोठ्या मनाची माणसं, असं तिघांना वाटतंय तोच आजोबांनी डोळे वटारले. “बंद कुरणात शेळी कोणी नेली?”

“आम्ही,” ढोल्या चाचरला.

“नियम सगळ्यांना सारखा. उरलेली सुट्टी कुरण तुम्ही राखायचं. तुमच्याइतकी तीक्ष्ण नजर आमच्यात कोणाची नाही!”

चष्मिसनं हळूच विचारलं, “आजोबा, शिक्षा थोडी वाढवून मिळेल का?”