गप्प गावाचा सर्व्हर

वैनगंगेकाठच्या त्या दहा बाय बाराच्या पूर-सूचना ऑफिसात सकाळचा पहिला फोन कोणाला जायचा, हे पक्कं होतं. ज्या गावाने अजून तोंड उघडलं नाही, त्या गावाला. अनुसयाबाई कटकवारांनी हा नियम घालून दिला त्याला बारा वर्षं झाली. त्या साली त्यांचं माहेर, टेंभरी, दिवसभर गप्प राहिलं आणि फोन नाही म्हणजे सगळं ठीक असेल, असं समजून सगळे निवांत बसले. पाणी तोवर तिथल्या मोबाइल टॉवरच्या खोलीत शिरून फोनच बंद पडले होते. बाईंचा धाकटा भाऊ त्या पुरात गेला.

आता बारा गावांचं पूरभाकीत एकाच यंत्रात चालायचं. प्रत्येक गावाला स्वतःचा आभासी सर्व्हर. एका चाळीत बारा बिऱ्हाडं असावीत तसं; एकाची चूल विझली तरी शेजाऱ्याची पेटलेली. पण ते यंत्र म्हातारं झालं होतं. नवं कोणतं घ्यायचं, ते आज चारपर्यंत कळवायचं होतं. चुकीचं निवडलं, तर यंदाच्या पुरात एखादं गाव अंधारात राहणार.

आठवडाभर परीक्षेला दोन यंत्रं आली होती. एक नेहमीचं, धडधडणारं, एसी मागणारं. दुसरी प्रकाशपेटी. तिच्या चिपमध्ये विजेऐवजी प्रकाश धावायचा, त्यामुळे ती तापायचीच नाही. पोळपाटाएवढी वस्तू, पण हुशार किती! लाइट गेली की कोणत्या सर्व्हरला जागं ठेवायचं आणि कोणाला निजवायचं, ते ती स्वतःच ठरवायची. बाई तर तिच्या प्रेमातच पडल्या होत्या.

"तिचा वेगच पाहून राहिलो आपण," शालिकराम भुरे म्हणाला. वीज मंडळातून निवृत्त झालेला हा गडी, ऑफिसातलं दुसरं माणूस. "उपाशी ठेवून पाहिलं नाही."

डबा खाताखाताच त्याने उठून मेन स्विच खाली केला.

धडधडणारं यंत्र बॅटरीवर अकरा मिनिटं चाललं आणि बाराही गावांना घेऊन बंद पडलं. प्रकाशपेटी चालूच राहिली. फक्त पडद्यावरचा एक दिवा विझला. टेंभरीचा.

बाईंच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी कारण विचारलं. पडद्यावर उत्तर आलं : टेंभरीहून सकाळच्या फोननंतर एकही नोंद नाही. जिथे हालचाल नाही, तिथे धोका कमी.

"शालिकराव, परत पाठवा ही. आपण माणसांनी तेव्हा हेच केलं होतं."

"माणसं शिकली ना, बाई? हिलाही शिकवून पाहू. तुम्हीच सांगा तिला."

बाईंनी मग एकेक अक्षर टाइप केलं. टेंभरीचं सगळं लिहिलं. भावाचं नावही लिहिलं, जे त्या ऑफिसात कधी काढत नसत.

शालिकरामने पुन्हा स्विच पाडला. या वेळी एकही दिवा विझला नाही. पेटीने अकरा गावांच्या विजेचा थोडाथोडा वाटा कापून टेंभरीला दिला, आणि कोणी सांगितलं नसताना स्वतःहून तिथे फोन लावला.

"अगं अनुसया, लग्नाला आली होती मी, नोंद राहूनच गेली," पाणी मोजणारी कौतिकाबाई पलीकडून म्हणाली. मागे सनई वाजत होती. बाईंना हसू आलं आणि डोळेही भरले.

"मानलं हिला," शालिकराम म्हणाला. त्याने असं कधी कोणाला म्हटलं नव्हतं.

चारला पाच कमी असताना बाईंनी प्रकाशपेटीचं नाव कळवून टाकलं. तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ उमटली.

समजलं. जे गाव गप्प, त्याला आधी हाक. पण उत्तर आलंच नाही, तर हाक मारणं कधी थांबवायचं?

बाईंच्या मोबाइलमध्ये धाकट्याचा नंबर अजून सगळ्यात वर होता, आणि दर राखीला त्या तो एकदा लावून पाहत.

शालिकरामने कीबोर्ड जवळ ओढला. मग हळूच विचारलं, "काय लिहू हिला, बाई?"