शीळ कोणी घातली?

श्रावणातली सकाळ. कुडपणच्या पठारावर धुकं इतकं खाली उतरलं होतं, की वहाळ ऐकू येत होता पण दिसत नव्हता. राजनंदिनी काठावरची अळूची पानं काढत होती, तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी शीळ घातली. लांब, लाडिक, वळणं घेत जाणारी...

ती गर्रकन वळली. धुक्यात एक चष्मेवाला तरुण उभा होता. गळ्यात हेडफोन, हातात छत्री.

"ओ शहाणे! शीळ कुणाला घालताय? घरात आया-बहिणी नायत काय?"

"आहे... म्हणजे आई आहे," तो गडबडला. "पण शीळ मी नाही—"

"मग भुताने घातली?"

"पक्ष्याने. शीळकरी कस्तूर म्हणतात त्याला. मला तर शीळ येतच नाही... हे बघा." त्याने ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली.

आणि पलीकडच्या कातळावरून पुन्हा तीच लाडिक शीळ.

राजनंदिनीचे कान तापले. बोरिवलीत वाढलेली ती. काकूच्या मदतीला येऊन राहिल्यापासूनचा हा तिचा गावातला पहिलाच पावसाळा. ती पानं उचलून निघाली.

दुपारी दार वाजलं. काकू, सुंदराबाई, घरात पर्यटकांना उतरवून घेत असे. आजचा पाहुणा होता, ऋत्विक, महाडचा... तोच चष्मा.

रात्रीच्या जेवणाआधी पडवीत त्याने आवाज टिपायचं आपलं यंत्र काढलं. शाळेतल्या मुलांसाठी तो आपल्या खोऱ्यातले आवाज गोळा करत होता.

"ही सावित्रीतली मगर." लांब फुत्कार आला. काकूने पाय वर घेतले.

"खाडीतली पाणमांजरं... हे ककणेराचे, म्हणजे धनेशाचे पंख..."

मग कस्तुराची शीळ, आणि लगेच, "ओ शहाणे!"

"आणि हे कुठलं जनावर?" काकूने डोळे मिचकावले. "हे आमच्याच घरातलं हाय गो!"

"मला जनावरांत घातलंत?" राजनंदिनी फणकारली.

"पुसणार होतो," तो खाली बघत म्हणाला. "पण... पुसवेना."

दोन दिवसांसाठी आलेला ऋत्विक आठवडाभर राहिला. शेकरूचा आवाज नीट मिळत नाही म्हणे.

"शेकरू तर आमच्या फणसावर दिवसभर वरडतंय," काकू म्हणाली. "याच्या कानात बोळे हायत काय?"

राजनंदिनी हसली. पण शेवटच्या संध्याकाळी, पागोळ्यांकडे बघत, तिने हळूच सांगितलं, "रविवारी मुंबईचे पाहुणे येतायत. मला बघायला."

त्याने चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"अच्छा... चांगले असतील. म्हणजे... स्थळ."

"तुमच्यापेक्षा ते पाखरू बरं," ती उठली. "निदान साद तरी घालतं."

सकाळी ती उठण्याआधीच तो एसटीने निघून गेला होता.

शनिवार उजाडला. राजनंदिनी उद्याच्या चकल्या तळत होती. मन कशातच नव्हतं. इतक्यात वहाळाकडून शीळ आली... अर्ध्यातच तुटली. पुन्हा सुरू झाली, वळणावर अडखळली आणि फुस्स झाली.

"पाखराला सर्दी झालीय काय गो?" काकूने विचारलं.

राजनंदिनीने झारा तिच्या हातात दिला आणि ती धावली.

वहाळाकाठी तो उभा होता. गाल लाल, ओठ अजून चंबूतच.

"ओ शहाणे!" तिला दम लागला होता. "घरात आया-बहिणी नायत काय?"

"आई आहे." या वेळी तो अडखळला नाही. "वर रस्त्यावर थांबलीय. विचारतेय, उद्याच्या पाहुण्यांच्या आधी आम्ही आलो तर... चालेल का?"

"चकल्या गरम हायत," ती म्हणाली. बोली काकूची, लाज तिची स्वतःची.

कातळावरून खऱ्या पाखराने शीळ घातली. राजनंदिनीने तिकडे मान वळवलीच नाही.