चालेल म्हणू नकोस

राजसीने डॉक्टरांच्या केबिनचं दार डाव्या हाताने आपटलं. उजवा आपटण्याच्या लायकीचा राहिला असता, तर ती कात्रपच्या या दवाखान्यात आलीच कशाला असती?

बाहेर बाकावर मनगटाला पट्टा बांधलेला एक तरुण बसला होता. त्याच्या हातातली बाटली निसटली.

"दाराने काय केलं?"

"तुम्हाला काय करायचंय?" पण राग पोटात मावेना. "उल्हासनगरला केकच्या दुकानात दिवसभर आयसिंगचा कोन दाबते. अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं. तिथला डॉक्टर म्हणाला, स्नायुबंधाला सूज आहे. शेठ म्हणाला, दुसऱ्याला दाखव. यांनी अंगठा मुठीत धरायला लावला, मनगट खाली वळवलं, आणि म्हणे काही नाही! आता शेठ म्हणणार, नाटक करती है. काढून टाकेल मला."

"माझीही तीच चाचणी झाली, कंपनीच्या तपासणीत. मला सूज निघाली." तो ओशाळला. "खरं सांगू? एरवी काहीच दुखत नाही. वळवलं तेव्हा ओरडलो मात्र."

"म्हणजे तुम्हाला पट्टा आणि मी खोटारडी."

"मी यज्ञेश. अंबरनाथला फॅक्टरीत माल तपासतो. एकाच पार्टची दोघांनी दोन मापं काढली, तर आम्ही पार्टला शिव्या देत नाही. मोजायची पद्धत बघतो."

"मी पार्ट नाही."

"दिसतंय. पार्ट दारं आपटत नाहीत." त्याने बाटली उचलली. "डॉक्टरांनी दुखतंय का विचारल्यावर काय म्हणालात?"

राजसी ओठातल्या ओठात पुटपुटली, "चालेल म्हटलं."

तो हसला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ताप आला, चालेल. शिळं वाढलं, चालेल. जन्मभर हेच घोकलेलं. मनगट पिळल्यावर तोंडातून दुसरं काय येणार? राग याच्यावर नाहीच, हे तिला दाराकडे वळता वळता कळलं.

तिने तेच दार ढकललं. "डॉक्टर, दुखतं. बादली उचलताना, वेणी घालताना... कोन दाबताना तर डोळ्यांतून पाणी येतं. मघाशी मी उगाच चालेल म्हटलं."

या वेळी डॉक्टरांनी आधी ऐकलं. मग दाबून पाहिलं, दोन्ही हात ताडून पाहिले. "एकट्या त्या चाचणीवर विसंबायला नको होतं मी," ते म्हणाले. सूज होती. शेठने कुरकुरत तिला काउंटरवर बसवलं.

हात हळूहळू बरा झाला. यज्ञेश मात्र दर रविवारी बेलवलीत, तिच्या गल्लीच्या तोंडाशी "हात कसाय?" विचारायला येतच राहिला. ती "चालेल" म्हणाली की "चाचणी निगेटिव्ह" म्हणून चिडवायचा. ती भांडायची... आणि पुढच्या रविवारची वाट बघायची.

बारवी धरणाच्या वाटेवर, चहाच्या टपरीपाशी तो एकदा अडखळला. "राजसी... तुझा हात मागायला घरी येऊ? आणि हे बघ — चालेल म्हणू नकोस. मी नकार धरेन."

तिला रागच आला. किती रविवार घालवले याने!

"ये," ती इतक्या तावात म्हणाली की चहावाला वळून बघायला लागला. "आजच ये. आणि उशीर केलास ना, तर मी..."

पुढचं राहूनच गेलं. तिने आपला अंगठा त्याच्या मुठीत सरकवला. त्याने मूठ मिटली — वळवली मात्र नाही.