फळ्याखालचा पाट

दाक्षायणी मॅट्रिकच्या वर्गात शिरली आणि दचकली. मुलींच्या मागे, शेवटच्या बाकावर, एक तरणा गृहस्थ खुशाल बसला होता!

"कुणाचे भाऊ तुम्ही? भावांनी फाटकाबाहेर थांबायचं!"

"कुणाचाच नाही..." तो उठून उभा राहिला. "मी ईश्वरप्पा. नवा मुख्याध्यापक. बसू का, बाई?"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. प्रमेय सांगताना खडू दोनदा हातातून पडला. आणि तो वहीत काहीतरी लिहीत होता. शेरा! आधीच्या मुख्याध्यापकांच्या शेऱ्यांनी दोन शिक्षिका घरी बसल्या होत्या. त्यांच्या धाकाने शाळा चिडीचूप असे, आणि निकाल? मॅट्रिकला अकरापैकी चार पास. आपली नोकरी गेली की परत आईवडिलांकडे मंगळवेढ्याला, आणि बघायला येणारी माणसं... तिला रात्रभर झोप नाही.

सकाळी फळ्याखाली पाट ठेवलेला.

"ह्यो नव्या सरांनी घरनं आणलाय," शिपाईण सोजरबाई म्हणाली. "म्हनले, बाईंना उभं ऱ्हायला."

दाक्षायणी बुटकी, फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायची. ती पाटावर चढली, तशी मागून एक मुलगी ओरडली, "बाई, आज दिसतंय!" तिला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

तो सगळ्याच वर्गांत मागे बसे. आवाज कधी चढवत नसे. हळूहळू मुली न भिता शंका विचारू लागल्या.

"पाट डगमगतो का, बाई?" एकदा त्याने व्हरांड्यात विचारलं.

"पाट नाही... पाय डगमगतात. तुम्ही समोर बसलात की."

तो हसला, आणि तिचा जीव त्याच्यात गुंतला.

मग सोजरबाईने सांगितलं, "सर हंगामी हायेत. निकाल वाईट लागला तर जूनमदी गाशा गुंडाळायचा."

त्या दिवसापासून ती जूनपर्यंतचे दिवस मोजू लागली.

जूनमध्ये मुंबईहून निकालाचा पेपर आला. कचेरीत तो घडी तशीच धरून उभा.

"तुमीच बघा... माझा हात चालंना."

"आधी ती वही द्या. माझा शेरा बघू दे. उद्या तुम्ही गेलात तर..." तिने हात पुढे केला.

त्याने पहिलं पान उघडलं. 'बाई उत्तम शिकवतात. मागे खालचा फळा दिसत नाही. एक पाट हवा.'

तिचे डोळे भरून आले.

"निकाल वाईट लागला, तर तुम्हाला काही विचारायचं तोंड राहणार नाही मला," तो पुटपुटला.

"मग... आधीच उरकू."

तिने पेन्सिल घेतली. 'एक' खोडून 'दोन' लिहिलं. 'हवा'चं 'हवेत' केलं; चुकलेलं व्याकरण तिला खपत नसे.

"दोन कशाला?"

"लग्नाला दोनच लागतात की, सर."

मग तिने पेपर उलगडला. बोट एकेका नंबरावरून सरकत गेलं.

"नऊ! अकरापैकी नऊ पास! सर... ऐकताय ना?"

"व्हय, ऐकतोय की," तो म्हणाला. नजर मात्र वहीवरून हलली नव्हती.