नळीतला बुडबुडा

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान पहिल्या मजल्यावर आहे. खिडकीखाली लांब टेबल, दिवा, डोळ्याला लावायचं भिंग. तिथे भाच्याचं, ताईच्या मुलाचं, घड्याळ मी पूर्वी एकदा तपासलं होतं. फार महागडं. त्याला काटेच नव्हते. तबकडीभोवती केसाएवढी बारीक काचेची नळी होती. चाकं हळूहळू एक इवलासा भाता दाबायची आणि नळीतला हिरवा द्रव पुढे सरकायचा. त्याच्यापुढे पारदर्शक द्रव. दोन्ही जिथे भिडतात, तितके वाजले. फेरी संपली की हिरवा द्रव झर्रकन मागे.

"काटे नाहीत ते कसलं घड्याळ? थर्मामीटरच आहे मेला!" असं ताई म्हणाली होती, आणि भाचा पोट धरून हसला होता.

सुट्टीच्या दिवशी तो गावाबाहेरच्या तलावात पोहायला जायचा. घड्याळ काढून बुटात ठेवायचा. एका रविवारी काठावर बूट राहिले, घड्याळ राहिलं, तो आला नाही. पाणबुड्यांनी आठवडाभर तळ धुंडाळला आणि होड्या परत नेल्या.

त्यानंतर ताई दुकानात आली. घड्याळ तिने रुमालात गुंडाळून आणलं होतं.

"रोज चावी देते मी. बंद पडू देत नाही. पण आत बघ काय झालंय."

हिरव्या द्रवात एक बुडबुडा होता.

"हवा शिरली असेल गं," मी म्हणाले. मनात मात्र चरकले. नळी दोन्ही बाजूंनी पक्की बंद असते. हवा शिरायला जागा हवी, आणि जागा असती तर द्रव बाहेर आला असता. मी सगळे जोड तपासले. कुठेही ओल नव्हती.

बुडबुडा सरकत सरकत हिरव्या द्रवाच्या टोकाशी गेला आणि नाहीसा झाला. मग मागून दुसरा आला. मी घड्याळ आडवं धरलं, उलटं धरलं. बुडबुडे त्याच दिशेने जात राहिले.

"श्वास घेतोय तो," ताई म्हणाली.

"ताई, असं काही नसतं."

"मग काय असतं, सांग."

बघता बघता माझाच श्वास त्या बुडबुड्यांच्या लयीत पडू लागला, तेव्हा मी भिंग काढून ठेवलं.

ताईने हातापाया पडून होडी पुन्हा तलावात न्यायला लावली. पाणबुडे उतरले आणि रिकाम्या हातांनी वर आले. "आता स्वतःहून वर येईल तेव्हाच," असं त्यांचा प्रमुख तिच्याकडे न बघता म्हणाला.

मग ती रोज दुपारी माझ्या शेजारी येऊन बसू लागली. चहा समोर गार व्हायचा. ती नळीकडे बघत राहायची. बुडबुडे बारीक होत चालले होते. आधी संथ यायचे, आता घाईघाईने, एकावर एक. मध्येच बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धडपड.

एके दुपारी तिने माझं मनगट धरलं.

"त्याला त्रास होतोय. बघवत नाही गं. काढ ते पाणी."

"नळी तोडावी लागेल. घड्याळ कायमचं जाईल."

"जाऊ दे. सोडव त्याला."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

मी नळी तोडली.

हिरवा थेंब काचेच्या वाटीत पडला. या द्रवाला वास नसतो. याला शेवाळाचा होता.

थेंबावर एक बुडबुडा तरंगत राहिला. फुटेचना.

ताईने त्याच्यावर हलकेच बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावरून फोन आला. वर आला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"कधीपासून बेपत्ता होते म्हणालात?"

"तीन आठवडे होत आले."

"मग इतके दिवस होते कुठे?" त्यांचा आवाज उतरला. "बुडूनच गेलेत. पण काल. काल दुपारी."

मी आत गेले तेव्हा ताईने चादर बाजूला केली होती. ती लेकाच्या गालावरून हात फिरवत होती.

"त्या दिवशी सकाळी दाढी करून गेला होता," ती म्हणाली. "गुळगुळीत. मी म्हटलंसुद्धा, पोहायला चाललायस की मुलगी बघायला?"

तिची बोटं थांबली. दाढी चांगली वाढली होती. त्या केसांत अडकलेलं शेवाळ ती एकेक करून काढू लागली.